गप्प बसण्याची नोंद घेणाऱ्या शकुंतलाताई

धारूरच्या बाजारातल्या टंकलेखन वर्गात मी काम मागायला गेलो, तेव्हा शकुंतलाताईंनी माझा वेग विचारलाच नाही. "दोघं एकदम बोलले तर कसं लिहाल?" एवढंच विचारलं. "ज्याचा आवाज मोठा, त्याचं," मी म्हणालो; तरी त्यांनी ठेवून घेतलं. रेकॉर्डिंग ऐकून माणसांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवण्याचं काम त्या आज पंच्याहत्तरीतही करतात. त्यांच्याकडे काय शिकलो हे सांगायला एकच दिवस पुरे आहे, आणि तो आठवला की मला अजून स्वतःचाच राग येतो.

गयाबाई या मेंढपाळ कुटुंबातल्या विधवा. त्यांनी शेतातला हिस्सा राजीखुशीनं सोडला, असं त्यांच्या दिराचं म्हणणं. पुरावा म्हणून घरातल्या बैठकीचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग त्यानंच तहसीलला दिलं आणि ते उतरवायचं काम आमच्याकडे आलं. आपली कुजबुजही कुणी लिहील, हे त्याच्या गावीही नव्हतं. अकरा वाजता तहसीलला सुनावणी होती. साडेनऊला मी मजकूर तयार ठेवला: 'प्रश्न: हिस्सा सोडता का? गयाबाई: व्हय.' मागचा आवाज मी गोंगाट समजून चक्क गाळला होता.

ताईंनी हेडफोन लावला, तीनदा मागे जाऊन ऐकलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "पुन्हा लिहा." त्या सांगत गेल्या: 'प्रश्न: हिस्सा सोडता का? गयाबाई गप्प. दीर, हळू आवाजात: व्हय म्हन. पोरीचं लगीन करायचंय ना? गयाबाई गप्प. मग गयाबाई: व्हय.'

मजकूर झाला का बघायला आलेला दीर दारातच उभा होता. "बाईचं तेवढं लिवा. मागचं कावून लिवता?" त्यानं टेबलावर हात आपटला. "धारूरात ऱ्हायचंय ना तुमाला?"

ताईंचा आवाज मात्र चढला नाही. "जो बोलला तो कागदावर येतो. तुम्हीही बोललात. बसा, पाणी घ्या."

तो बसला नाही, तरातरा निघून गेला. मजकुराखाली ताईंनी स्वतः सही केली. माझी चूक त्यांनी आजवर कुणाला सांगितली नाही, म्हणून आज मीच सांगतो.

सुनावणीत तहसीलदार साहेबांनी तो मजकूर मोठ्यानं वाचायला सांगितला. ताईंनी 'गप्प'सुद्धा वाचलं. साहेबांनी दिराला बाहेर बसवलं आणि गयाबाईंना पुन्हा विचारलं.

"न्हाई. मला न्हाई सोडायचं."

हिस्सा त्यांचाच राहिला. कचेरीबाहेर गयाबाईंनी ताईंचा हात धरला. "बाई, गप बसलेलं बी लिवता येतं व्हय?"

"येतं की. दोनदा गप्प बसलात, दोन्ही लिहिलं."

ताईंना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि कान असेच शाबूत राहोत. आमच्या तालुक्यात अजून पुष्कळजणी गप्प बसलेल्या आहेत.