अर्ध्यावर थांबलेली कॅसेट

नामाशेठचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांचं कितीही कौतुक केलं तरी गैरसमज नको.

कोपरखैरण्यात आमच्या बिल्डिंगच्या मागेच बोनकोडे गाव. तिथली त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि त्यांनी घराच्या तळमजल्यावर व्हिडिओ लायब्ररी काढली. शिक्षण सातवी. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि परत आलेली प्रत्येक कॅसेट स्वतः लावून, पुसून मगच फळीवर ठेवायची. "नामाच्या कॅसेटीत मुंग्या दिसनार नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य; मुंग्या म्हणजे खराब कॅसेटमुळे पडद्यावर वळवळणारे ठिपके.

अठ्ठ्याण्णव साली घरी इंटरनेट आलं आणि मी ईमेलवर चित्रपटचर्चेचा क्लब काढला. चाळीसेक सभासद, वाशीपासून न्यू जर्सीपर्यंत. आठवड्याला एक चित्रपट, त्यावर सगळ्यांची पत्रं. मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी. नामाशेठकडे कॉम्प्युटर नव्हता. ते वहीच्या पानावर लिहून रविवारी माझ्याकडे आणायचे, मी टाइप करून पाठवायचो आणि इतरांची पत्रं त्यांना छापून द्यायचो. त्यांना क्लबात मीच घेतलं. अवदसा आठवली, दुसरं काय.

मी 'अवकाशाची रचना' वगैरे लिहायचो. नामाशेठ लिहायचे, हा पिक्चर चौदा घरी गेला आणि नऊ जणांनी आई ताटं उचलते तिथेच बंद केला, कारण पुढे रडू येणार हे त्यांना कळलं होतं. कॅसेट कुठे थांबून परत आली यावरून ते माणसं ओळखायचे. सगळी वाहवा त्यांना. मला दोन ओळी, त्याही क्षिप्राच्या, आणि ती माझी मेहुणी.

एकदा मी ठरवलं, त्यांचं पत्र यायच्या आत आपलं टाकायचं. चित्रपट जुना होता, फारसा कुणी पाहिलेला नव्हता. मी अर्ध्यावर कंटाळलो आणि शेवट अंदाजाने रचला: परागंदा झालेला मोठा भाऊ दारात येऊन उभा राहतो. त्या दारावर पानभर लिहिलं. चौदा उत्तरं आली. जन्मात एवढा सुखावलो नव्हतो. त्याच आनंदात कॅसेट रिवाइंड न करताच परत दिली, आणि माझ्या पत्राचा छापील कागदही मुद्दाम सोबत दिला.

रविवारी नामाशेठ तीच कॅसेट घेऊन आले. चहा नको म्हणाले.

"सायेब, कॅसेट अर्ध्यावर हाय. भाऊ येत नाय. शेवट बगून घ्या. माजं पत्र कॅसेटीच्या डब्यात हाय, टाकायचं का नाय ते तुमी ठरवा."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी शेवट पाहिला. भाऊ येत नाही. आई घराला कुलूप लावून स्वतःच त्याला शोधायला निघते. पडद्यावर एक मुंगी दिसली नाही.

मग पत्र उघडलं. आईच्या त्या कुलपाबद्दल दहा ओळी, माझ्या पानभरापेक्षा सरस. आणि खाली लिहिलं होतं, "सायबांची चूक नाय. माझी कॅसेट शेवटाला खराब हाय, त्यांना नीट दिसलं नसेल."

माझ्यासाठी नामाशेठ चाळीस जणांसमोर आपल्या कॅसेटला खराब म्हणायला तयार झाले होते. त्यांनी लिहिलेल्या सगळ्यात मला त्या ओळीचाच सर्वांत जास्त हेवा वाटला. मी पत्र टाइप केलं. ती ओळ गाळली आणि तिच्या जागी माझं नाव घालून लिहिलं, की कॅसेट उत्तम आहे, मीच ती अर्ध्यावर बंद केली होती.