घेणाऱ्या घरची मूठ

त्या रविवारी सकाळी मी घरातले जुने कपडे एका चादरीत बांधले, गाठोडे स्कूटरवर पायांशी ठेवले आणि वसईजवळच्या आमच्या उमेळ्याहून पापडीला गेलो. तिथल्या चर्चच्या आवारात एका खोलीत गरजूंसाठी वस्तू घेतात, असे ऐकले होते. देवपूजा आटोपून निघालो होतो, त्यामुळे स्वतःवर थोडा खूशही होतो. खोलीत सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी गाठोडे सोडले, एकेक सदरा उजेडात धरून पाहिला आणि विचारले, "यातला कुठला घालून तुम्ही उद्या कामावर जाल?"

मी दोन सदरे बाजूला काढले. बाकीचे त्यांनी पुन्हा नीट बांधून माझ्याच हातात दिले. म्हणाल्या, "फरशी पुसायला चांगले आहेत. तुमच्या घरची."

कार्मेलीनबाईंशी माझी ओळख झाली ती अशी. त्याला आता पंधरा वर्षे झाली. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई यंदा पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. मी गावच्या शाळेत शिकलेला, देवळाच्या वाटेवर राहणारा साधा माणूस. या गौरवग्रंथात मला लिहायला सांगितले, याचा मला फार अभिमान वाटतो.

बाईंचे काम दिसायला लहान आहे. भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे. शनिवारी ते गोळा होतात आणि ज्या घरात कमाई थांबली आहे तिथे पोचतात. सुरुवात चर्चमधल्या बायकांनी एका उपवासकाळात केली होती. ईस्टर झाला आणि डबे फळीवर गेले. तेव्हा बाई घरोघरी फिरल्या आणि प्रत्येक दारात एवढेच विचारले, की आपला उपवास सुटला, पण त्यांचा सुटला का? डबे पुन्हा खाली आले. पुढे ते आमच्या उमेळ्यातल्या हिंदू घरांतही आले. पाचूबंदरच्या कोळणी तांदळासोबत सुकट देऊ लागल्या. धान्य साठवतो त्या कोठीतून तो वास आजही जात नाही आणि बाई पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवतात, म्हणजे हुंगायला लावतात.

गेल्या काही वर्षांत नालासोपाऱ्यात गरज वाढली. कुणाचे काम सुटले, कुणाचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटेना. मदत करणारे पुष्कळ पुढे आले, पण बाईंचे नियम अनेकांना जाचक वाटत. रांग लावायची नाही. फोटो काढायचा नाही. घरात बसून पाणी प्यायल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. आणि ज्या घरी धान्य जाते, त्या घरानेही रोजची मूठ काढायची.

हा शेवटचा नियम मला पटत नव्हता. त्यातून माझ्या हातून एक चूक झाली. ती इथे लिहितो, कारण मी केलेल्या स्तुतीपेक्षा त्या चुकीतून बाई अधिक कळतील.

नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर शकुंतलावहिनी राहतात. मूळच्या रत्नागिरीकडच्या. यजमान रंगकाम करताना परांचीवरून पडले आणि अंथरुणाला खिळले. घरात दोन लहान मुली. मी पिशवी घेऊन गेलो, पाणी प्यालो. निघताना वहिनींनी आठवडाभराची साठवलेली मूठ एका वाटीतून पुढे केली. मला कसेसेच झाले. मी म्हणालो, "राहू द्या वहिनी, तुम्हाला कशाला," आणि ती वाटी त्यांच्याच डब्यात रिकामी केली.

पुढच्या शनिवारी त्यांनी दार अर्धेच उघडले. मागची पिशवी तशीच बांधलेली होती. ती माझ्या पायाशी ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, माझी मूठ नको असेल तर तुमची पिशवीपण नको."

त्यानंतर दार उघडेना. दोन शनिवार गेले. मुली शेजारी जेवतात, असे खालच्या दुकानदाराकडून कळले. मी बाईंना सगळे सांगितले. बाई जवळच्या माणसांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलतात. त्या दिवशी शाळेतली शुद्ध मराठी बोलल्या, तेव्हाच मी समजलो की त्या दुखावल्या आहेत.

"दत्ता, तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलं होतं. ते तू परत केलंस."

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपून बाई माझ्याबरोबर आल्या. इमारतीला लिफ्ट नाही आणि बाईंचे गुडघे तेव्हाही दुखत. प्रत्येक मजल्यावर त्या टेकत होत्या. हातात पिशवी नव्हती. दारातूनच त्यांनी हाक मारली, "बाय, पाणी देशील का? चार जिने चढून आले."

पाणी मागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण नाही म्हणणार? दार उघडले. बाईंनी माफी मागितली नाही, समजूतही घातली नाही. या इमारतीतल्या घरांतून मूठ गोळा करायला माणूस हवा आहे, तुला जमेल का, असे विचारले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा मनाने चांगला आहे, पण बावळट आहे. ह्याच्यावर सोडलं तर बंद पडेल." वहिनी हसल्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी आतून वाटी आणली आणि बाईंच्या पदरात ओतली. त्या आठवड्यापासून पिशवी पुन्हा त्या घरी जाऊ लागली आणि इमारतीतल्या मुठी त्यांच्याकडे जमू लागल्या. आज आसपासच्या गल्ल्यांतल्या इमारतीही त्याच पाहतात.

बाईंचा मोठेपणा असा दुसऱ्याला मोठे करण्यात आहे. गुरुवारी माझा उपवास असतो हे लक्षात ठेवून त्या सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणतात, आणि माझ्या आरतीच्या वेळेला सभा ठेवू देत नाहीत. त्यांची रोझरी आणि माझी जपमाळ यांवरून आमच्यात कधी वाद झाला नाही. वाद झाले ते तांदळात खडे राहिल्यावरून.

वर्षभरापूर्वी बाईंनी सांगितले की आता दुसऱ्या कुणीतरी काम पाहावे. मुठीचे काम पाहणाऱ्या आमच्या मंडळातल्या सर्वांनी माझे नाव घेतले आणि निर्णय होईपर्यंत कोठीची किल्ली माझ्याकडे दिली. माझ्या मनात शकुंतलावहिनी होत्या. एका सभासदाने त्यांचे नाव आधीच उडवून लावले होते. ज्या काल घेत होत्या, त्यांच्या हाती कोठी कशी द्यायची, असे त्या सभासदाचे म्हणणे. मी गप्प राहिलो. बाईही गप्प होत्या. नंतर मी कारण विचारले तर म्हणाल्या, "मी बोलले तर ते माझा मान ठेवतील. तिचा कोण ठेवणार?"

हे वाक्य घेऊन मी अनेक सकाळी देवापुढे बसलो.

बाईंच्या गुडघ्यांना बळ मिळो, त्यांची नजर आणि जीभ अशीच धारदार राहो आणि शंभरीच्या ग्रंथात आमच्या मुलांना लिहिता येईल इतके आयुष्य त्यांना लाभो, एवढेच मी माझ्या देवाकडे आणि त्यांच्या सायबिणीकडे, मरियामातेकडे, मागतो.

गेल्या शनिवारच्या सभेत मी उभा राहिलो, माझी नालासोपाऱ्यातली चूक सर्वांना सांगितली आणि स्वतःचे नाव मागे घेतले. मग कोठीची किल्ली शकुंतलावहिनींच्या हातात दिली, आणि या शनिवारी कुठल्या घरी जायचे ते त्यांना विचारले.