संपतचे विमानाचे पॉइंट

संपत शहागडचा. आम्ही दोघं एकाच सरकारी हापिसात, टेबलाला टेबल लागून. माणूस इतका सरळ, की सरकारी पेनानं घरची यादीसुद्धा लिहायचा न्हाई. कालव्यात गेलेल्या जमिनींचा खटला दिल्लीच्या कोर्टात चालू आहे. तारीख लागली की फाईल घेऊन संपत न्हाई तं आमच्याच हापिसातला भारत, दोघांपैकी एक जायचा. तारीख ऐनवेळी कळायची, रेल्वेत जागा मिळायची न्हाई, म्हणून साहेबांनी विमानाची मंजुरी घेतलेली. चार वर्षांत संपत सतरा वेळा जाऊन आला. विमान कंपनीनं त्याच्या नावावर पॉइंट जमा केले. गुवाहाटीची दोन तिकिटं फुकट निघतील एवढे.

गुवाहाटीलाच त्याची पोरगी अक्षता शिकायला. बारा तारखेला पदवीदान, आईबापासमोर. चार वर्षांत दोघांनी पोरीचं कॉलेज पाह्यलेलं न्हाई. मीना, म्हणजे संपतची बायको, अंगणवाडीत. तिला सुट्टी चारच दिवसांची, रेल्वेनं नुसतं जायलाच तीन दिवस, अन् पदरच्या पैशानं विमान परवडणारं न्हाई.

"वसंता," संपत मला म्हणाला, "हे पॉइंट वापरले तं चालंल का रे? प्रवास तं सरकारी होता."

दुसरा कुणी असता तं गुपचूप बटण दाबून मोकळा झाला असता. पण मला हुशारी सुचली ना! बावीस वर्षं हापिसात खुर्ची झिजवलेली. म्या म्हणलं, "लेखी विचार. मार्गदर्शन मागव. उद्या चौकशी लागली तं हातात कागद पाहिजे."

आमच्या लोकांची ही खोडच आहे. काही अडलं की वर विचारायचं. वरून वर्षवर्ष उत्तर येत न्हाई, अन् 'विचारलं होतं' म्हणून आपण सुटतो. संपतची रजा मंजूर होती. पत्र टाकून तो खुशाल जाईल, असा माझा हिशेब. मसुदाही म्याच केला.

ह्या एका पत्राला नवव्या दिवशी उत्तर आलं! पॉइंट सरकारी प्रवासाचे आहेत, सबब सरकारी प्रवासालाच वापरावेत, पुढच्या दौऱ्याचं तिकीट त्यातूनच काढावं.

पुढचा दौरा बारा तारखेचा. त्याला भारतचं नाव लागलेलं. पण कंपनी त्या पॉइंटवर तिकीट देणार संपतला, न्हाई तं त्याच्या घरच्यांना. भारत त्याचा कोण लागतो? भारतचं नाव खोडलं, संपतचं घातलं. रजा रद्द.

मी तणतणत साहेबांच्या केबिनात गेलो. साहेब माणूस वाईट न्हाई, तेच तं दुःख आहे. म्हणाले, "विचारलंच नसतं तं मला कळलं असतं का? आता लेखी आलंय वसंतराव. मी तरी काय करू?"

दिल्लीच्या येण्याजाण्यात बरेचसे पॉइंट गेले, उरले ते सरकारचे. मीना म्हणाली, "जाऊ द्या, मोबाईलवर पाहीन." संपतनं दिल्लीची फाईल बांधली.

बारा तारखेला कोर्टात समोरचा वकील आला न्हाई. दहा मिनिटांत पुढची तारीख पडली.

संध्याकाळी मला अक्षताचा फोन. बाप मुद्दाम आला न्हाई असं पोरीला वाटू नये म्हणून संपतनं तिला रजा रद्द करून दिल्लीला धाडल्याच्या आदेशाचा फोटो पाठवला होता. तिनं तो पहिल्या ओळीपासून वाचला.

"काका, इथं 'संदर्भ : आपला अर्ज' लिहिलंय. बाबांनी स्वतः अर्ज केल्ता?"

"व्हय," म्या म्हणलं, "पण बाई, तो अर्ज..."

"बरं," ती म्हणाली, अन् फोन ठेवला. म्या चार वेळा लावला, तिनं उचलला न्हाई.