डागवाल्यांचा नीटनेटका मेंदू

सासऱ्यांनी ताटलीतला डाव्या बाजूचा नाश्ता संपवला, उजवीकडचा तसाच ठेवला आणि "भरलं बुवा पोट" म्हणत हात पुसले. सुनेने ताटली फिरवली. "अरे, अजून आहे की," ते खूश झाले. मेंदूतल्या रक्तस्रावाने उजवीकडची नजर गेली, तेव्हापासून त्यांना रोज असा दोनदा नाश्ता घडत होता.

तेवढ्यात दार वाजलं. घंटी असताना मुठीने दार बडवणारा माणूस त्यांच्या नात्यात एकच, सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे काका. जन्मभर त्यांनी विमा विकला, तेव्हा वैद्यकशास्त्र त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळणार हे ओघानंच आलं.

"स्ट्रोकच्या पेशंटची रक्त पातळ करायची गोळी बंद?" चपला काढता काढताच त्यांनी सुरुवात केली. "कोण तो शहाणा डॉक्टर?"

"काका, बाबांचा स्ट्रोक रक्ताची गुठळी होऊन नाही झाला, रक्तवाहिनी फुटून झालाय," सून म्हणाली. "एमआरआयच्या फिल्मवर मेंदूच्या कडेकडेने काळे ठिपके दिसतात ना, ते आधी झालेल्या बारीक रक्तस्रावांचे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून त्या ठिसूळ झाल्यात. आता रक्त पातळ केलं, तर पुन्हा फुटतील."

"ठिपके मलाही आहेत," काकांनी हातावरचे तीळ दाखवले. "ते काही नाही. दुपारी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि सूनबाई, जुना रिपोर्ट घरीच ठेव. आपल्याला कोरं मत हवं."

"दादा म्हणतोय तर जाऊ," सासरे म्हणाले. दादा म्हणतोय तसंच ते जन्मभर करत आले होते. स्वतःचं असं त्यांच्याकडे एकच होतं, ते म्हणजे हातातलं कसब. फोटो स्टुडिओत पस्तिशीपासून साठीपर्यंत त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग बारीक पात्याने खरवडून काढले. डागवाले हे नाव तिथूनच पडलं. देवीचे व्रण असलेल्या एका नवऱ्या मुलाला त्यांनी इतकं गुळगुळीत केलं, की लग्नानंतर त्याच्या बायकोने स्टुडिओत येऊन त्यांनाच फैलावर घेतलं होतं.

निघायच्या आधी सासऱ्यांनी फिल्म मागून घेतली आणि खिडकीपाशी बसले. आपलाच मेंदू बघावासा कुणाला वाटणार नाही? सून भांडी आवरायला गेली.

मोठ्या डॉक्टरांना मोठेपणामुळे वेळ कमी होता. सुनेने ठिपक्यांचं सांगितलं, तशी फिल्म उजेडावर लावून त्यांनी डावीकडच्या चित्रांवरून झरझर नजर फिरवली. "ठिपके कुठायत? रक्तस्रावाची खूणसुद्धा नाही. वयाच्या मानाने मेंदू अगदी स्वच्छ आहे. गोळी सुरू करायला हरकत नाही." त्यांनी पेन उचललं. काकांनी सुनेकडे असं पाहिलं, जणू तिनेच आजवर गोळी दडवून ठेवली होती.

पण पहिल्या डॉक्टरांनी ते ठिपके तिला पेनाच्या टोकाने एकेक करून दाखवले होते. तिला सकाळची ताटली आठवली.

"डॉक्टर, जरा थांबा. उजवीकडची शेवटची रांग बघता का?"

त्यांनी पाहिलं. बाकीचा मेंदू घासून-पुसून लख्ख, आणि शेवटच्या रांगेत गोवर उठल्यासारखे ठिपकेच ठिपके. सुनेने डावीकडच्या चित्रांवरून बोट फिरवलं. जागोजाग खरखरीत लागलं.

"बाबा, तुम्ही यावर पातं चालवलंत?"

सासरे छताच्या पंख्याकडे बघत होते. "एवढ्या मोठ्या डॉक्टरांकडे डागाळलेला मेंदू घेऊन जायचा? बरं दिसतं का ते? जरा नीटनेटका केला."

"आणि शेवटची रांग?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेवटची रांग आहे?" सासरे खरोखरच चकित झाले.

काका घसा खाकरून म्हणाले, "आपण कोरं मत घ्यायला..."

"कोरं करूनच आणलं होतं, काका," सून म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या हॉस्पिटलला फोन लावून कॉम्प्युटरमधली मूळ चित्रं नव्याने छापून मागवली. गोळी बंदच राहील, असं त्यांनी काकांकडे बघून दोनदा सांगितलं. आणखी काही विचारायचंय का, असं पेशंटला विचारायची आठवण त्यांना आता झाली.

सासऱ्यांनी मान पूर्ण उजवीकडे वळवली, तेव्हा कुठे त्यांना सून दिसली.

"नवी फिल्म येईल ती हिच्या हातात द्या," ते म्हणाले. "माझ्या हातात देऊ नका."