जीनमधला गूळ

आमच्या नांदुऱ्याच्या जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, संध्याकाळी सुट्टी झाली की दारात गूळ मिळायचा. मुकादम परात घेऊन उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या तळहातावर एकेक खडा टेकवायचा. कापसाची धूळ गुळानं कापली जाते, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. काम संपल्यावर तोंड इतकं कोरडं पडलेलं असायचं की तो खडा जिभेवर विरघळताना जीव थाऱ्यावर यायचा. तेवढ्यासाठी जीनच्या मालकाला, शेठला, दुवा देणाऱ्या बायाही होत्या. मी त्यातली नव्हते. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

आम्ही सोनाळ्याचे. घरी कोरडवाहू शेत, ते बाप पाहायचा. दिवाळी आटोपली की माय आणि मी नांदुऱ्याला येऊन स्टेशनामागे एक खोली घ्यायचो आणि उन्हाळा लागेपर्यंत जीनमध्ये जायचो. लांबच लांब पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंनी यंत्रांच्या रांगा, आणि प्रत्येक यंत्रापुढे एक बाई. कापूस त्याच्या तोंडात सारत राहायचं. सरकी खाली पडायची, रुई पुढून निघायची आणि उरलेलं सगळं हवेत. पापण्यांवर, केसांवर, भाकरीवर. संध्याकाळी आम्ही सगळ्या एकजात म्हाताऱ्या दिसायचो आणि एकमेकींना हसायचो.

माय माझ्या शेजारच्या यंत्रावर. मला कळायला लागलं त्याच्याही आधीपासून ती तिथं होती. एका साली तिची छाती भरून यायला लागली. गंमत म्हणजे रोज नाही. बाजाराच्या दिवशी जीन बंद असायचं, त्या दिवशी ती चांगली हिंडायची, वांगी घासाघीस करून आणायची. दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की दुपारपर्यंत छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं. खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. मग दिवस जातील तसा तो जरा उतरायचा, की पुन्हा बाजार आणि पुन्हा तेच. पुढेपुढे उतरायचंही बंद झालं. खोलीपर्यंत येताना ती दोनदा खाली बसायची.

नांदुऱ्यातल्या डॉक्टरांनी तिला पाठीवरून, छातीवरून तपासलं. भला माणूस होता, पण भित्रा. म्हणाले, "मला कापसाच्या धुळीचा संशय आहे. कापडाच्या गिरण्यांत असं होतं म्हणतात, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळते. पण माझ्याकडं पुरावा नाही. हिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि लवकर न्या. असाच श्वास कमी होत गेला तर पुढचा हंगाम काही खरा नाही."

अकोल्याला राहायचं, औषधं घ्यायची, हे आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मी सरळ शेठकडे गेले. म्हटलं, तुमच्याच जीनमध्ये ती आजारी पडली, तुम्हीच तिला दवाखान्यात न्या. शेठ रागावला नाही. तो कधीच रागवायचा नाही, त्याचीच मला जास्त चीड यायची. गादीवर बसल्याबसल्या म्हणाला, "पोरी, तूच सांग. सुट्टीच्या दिवशी बाजारात हिंडते आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडते. मग आजार बाजारातून आणते की माझ्या जीनमधून? दमा आहे तो. घरातलाच असतो. इतक्या बाया आहेत, सगळ्यांना का होत नाही?"

 अंगाची नुसती लाही लाही झाली. घरी येऊन मी भांडी आपटली. माय म्हणाली, "भांड्याईनं काय केलं वं तुह्यं? तोंड शिवून ठेव आता. माह्यं काम जाईन त जाईन, तुह्यंबी गेलं त खाऊ काय?"

मग कळलं की फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. आम्हाला कळलं म्हणजे शेठला कधीचंच कळलं होतं. जमिनीवर पाणी मारलं, जाळी झाडली, निम्मी यंत्रं बंद ठेवली. शेड इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. त्यांचा येण्याचा दिवस नेमका बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा. आदल्या दिवशी बाजारातच मुकादमानं मला बाजूला घेतलं. "उद्या तुह्या मायले घरीच ठेव. अन् सायेबानं इचारलं त सांगजो, काही तरास नाही. तू काही बोलली त तुह्या रांगेतल्या साऱ्या बायाईले घरी पाठवतो. मंग त्या तुले पाहून घेतीन."

मी मायला हे सांगितलं तेव्हा तिनं डोक्याला तेल लावत ऐकून घेतलं. म्हणाली, "घरी कायले राहू? मी येतो. काम करतो, फुकट खातो काय मी?"

दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिला शेडच्या दारात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. साहेबांची जीप फाटकातच होती, तिला परत कसं पाठवणार? त्यानं तिला शेडच्या मागच्या कोपऱ्यात, कापसाच्या ढिगामागं नेऊन बसवलं. अहो, सगळ्यात जास्त धूळ तिथंच! मी हातातला कापूस टाकून उठले, तर शेजारच्या बाईनं माझा पदर धरून मला खाली ओढलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. तिला तीन लेकरं होती.

इन्स्पेक्टर तरुण होते, बोलणं पुण्याकडचं. रांगेत एकेकीपुढं थांबून विचारत होते, "काही त्रास?" आणि एकेक बाई मान न उचलता म्हणत होती, "काही नाही सायेब." त्यांना आमचं बोलणं अर्धं कळत नसावं, पण हे पढवलेलं आहे, एवढं चांगलं कळत होतं. माझ्यापुढं आले. मुकादम त्यांच्या मागं उभा, डोळे माझ्यावर रोखून. मी मान खाली घालून कापूस सारत राहिले.  ढिगामागून काही आवाज येत नव्हता. माय पदर तोंडात कोंबून खोकला दाबते आहे, हे मला न पाहताच कळत होतं.

आणि तो फुटला. आधी एक, मग लागोपाठ, थांबेचना. यंत्रांच्या आवाजातूनही ऐकू येत होता.

"कोण आहे तिकडं?" साहेबांनी विचारलं.

"दम्याची बाई आहे, साहेब," शेठ पुढं होऊन म्हणाला. "जुनी आहे. दयेनं ठेवली आहे." साहेब ढिगामागं गेले. माय गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती, ओठ निळे पडले होते. साहेब तिच्यापुढं खाली बसले. ते पाहून शेठ घाबरला असावा, कारण तो फार बोलायला लागला. आम्ही बायांना घरच्यासारखं ठेवतो. दिवाळीला लुगडं देतो. "आणि रोज गूळ देतो साहेब, स्वतःच्या पदरचा. अरे, परात आण!" परात आली. त्यानं एक मोठा खडा उचलून साहेबांच्या हातावर ठेवला. "माझ्या वडिलांनी सुरू केलं. धूळ छातीत बसू नये म्हणून. एक दिवस चुकवलेला नाही."

साहेबांनी खड्याकडं पाहिलं. मग शेठकडं.

"म्हणजे धूळ छातीत बसते," ते म्हणाले, "हे तुमच्या वडिलांनाही माहीत होतं."

माय वं! मला ओरडावंसं वाटलं. इतकी वर्षं धर्म म्हणून वाटलेला पुरावा शेठनं स्वतःच्या हातानं परातीत घालून पुढं केला होता.  साहेब शेठला घेऊन ऑफिसात गेले, दार लागलं. आत काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मुकादम आमच्या खोलीवर आला आणि दारातूनच म्हणाला, "चाल, तुह्या मायले अकोल्याले न्यायचं हाय. शेठ पाहते सारं." मी आनंदानं रडले. मला वाटलं, जिंकलो आपण.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मायला दवाखान्यात ठेवून घेतलं. तिचे ओठ पुन्हा माणसासारखे झाले. पण ते म्हणाले की गेलेला श्वास पुरता परत यायचा नाही आणि जीनच्या फाटकात पुन्हा पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. मी त्यांना गुळाचं विचारलं. ते हसले. "गूळ पोटात जातो, बाई. धूळ छातीत जाते. त्यांची गाठच पडत नाही."

पुढच्या हंगामात मी पुन्हा गेले. न जाऊन सांगू कुणाला? माय भाकरी टाकायला म्हणून हट्टानं सोबत आली, खोलीवरच राहायची. जीनमध्ये भिंतीला एक पंखा बसवला होता. साहेब यायचे त्याच दिवशी तो फिरायचा. बाकी धूळ होती तशीच होती. पहिल्या दिवशी सुट्टी झाली, आम्ही दारात रांग केली, हात पुढं केले. परात नव्हती.

"गूळ?" एका बाईनं विचारलं.

"बंद झाला," मुकादम म्हणाला. "शेठनं सांगतलं, आपल्या जीनमधी धूळच नाही. मंग गूळ कायले?"

बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. तुम्हा मायलेकींमुळं गेला, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. तेव्हापासून शेजारची बाई माझ्याशी बोलेनाशी झाली. खोटं कशाला सांगू, तो गूळ मलाही आठवायचा. काही कामाचा नव्हता हे ठाऊक असून आठवायचा.

असेच काही आठवडे गेले. एका संध्याकाळी मी कामावरून आले. खोलीच्या अलीकडं, नळापाशीच मला खोकला आला. साधाच, घशात रुई गेल्यासारखा. मी थांबले, भिंतीला हात टेकला, पुन्हा खोकले. छाती जराशी ओढल्यासारखी वाटली. तोंड पुसून, हसरा चेहरा करून मी दारात आले.

माय चुलीपुढं बसली होती. भाकरी तव्यावर तशीच जळत होती आणि ती दाराकडं पाहत होती.

"काल बाजार होता ना वं?" तिनं विचारलं.