आप्पांची औटकी आणि उन्हावरचं यंत्र

पुण्याहून बीडची एसटी सुटली तेव्हा माझ्या पर्समध्ये सुलभाचं पत्र होतं आणि डोक्यात थोडा राग. सुलभा माझी डीएडची मैत्रीण, वडवणीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. परदेशी वस्तू तेव्हा नुकत्याच कुठल्याही दुकानात सहज मिळायला लागल्या होत्या. सुलभानं हौसेनं तिसरीच्या वर्गासाठी पाच कॅल्क्युलेटर आणले, तेही उन्हावर चालणारे. मग गावाच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष आप्पा अडून बसले. या यंत्रांनी पोरं पाढे विसरतील, म्हणाले. शनिवारी समितीसमोर दाखवा, नाही पटलं तर कपाटात कुलूपबंद.

‘तू ये, बघ, मग खुशाल नाक मुरड,’ असं सुलभानं लिहिलं होतं. माझं नाक तिला चांगलं माहीत आहे. माझ्या वर्गात सापडलेले कॅल्क्युलेटर मी जप्त करते आणि टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवते. खरं सांगायचं तर मनातून मी आप्पांच्याच बाजूची होते.

नगर मागे पडलं, कड्याला गाडी थांबली. साखर कारखान्याचं गाव, त्यामुळे चहात साखरेला तोटा नव्हता. एक घोट घेतला आणि उरलेला शेजारच्या आजोबांना दिला. त्यांनी तो आनंदानं संपवला. बीडला गाडी बदलली, वडवणीला जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका मावशींची कोंबडी आली, तिच्याबरोबर प्रश्नही आले.

“कुन्या गावच्या?”

“पुण्याची.”

“मंग हितं कावून आलाव?”

“शाळा बघायला.”

“पुन्यात शाळा न्हाईत व्हय?”

तेवढ्यात गाव आलं. मी उतरले, माझी बॅग मात्र टपावरच राहिली आणि पुढच्या गावाला गेली. जीपवाल्यानं ती संध्याकाळी आणून दिली, वर “बाई, तुमची पिशवी आमचं गाव बघून आली” असंही ऐकवलं. त्या रात्री सुलभाच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी) इतकं जेवले, की राग निम्मा तिथंच उतरला.

शुक्रवारी शाळेत गेले. वर्ग आत नव्हताच, अंगणात उन्हात बसला होता. सावली सरकली की मुलं पोती उचलून पुन्हा उन्हात सरकत होती. ‘आधी तोंड, मग बोट,’ हा सुलभाचा नियम. उत्तर आधी तोंडानं सांगायचं, मगच बटण दाबून पडताळायचं. यंत्र चुकलंय असं वाटलं तर भांडायचं. पोरं भांडत होतीही.

मनीषा नावाची एक मुलगी माझ्याजवळ सरकली. “बाई, मी पयल्या दिशी लई फसले,” तिनं सांगितलं. यंत्रावर अठ्ठ्याण्णव उमटले, ते हिनं चौदा वाचले. मला कळेना. तिनं मातीत 98 काढून दाखवलं. इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा, इंग्रजी आठ आपल्या चारासारखा! मी इतकी वर्षं गणित शिकवते, मला हे कधी दिसलं नव्हतं.

सुलभानं त्या चुकीचाच खेळ केला होता. ज्वारीच्या धाटाच्या सात काड्या घेऊन मुलं यंत्रावरचे आकडे मांडत. सात काड्यांचा आठ, मधली काढली की शून्य, वरची उजवी काढली की सहा. मी दुपारभर पोत्यावर बसून काड्या मांडत राहिले. नाक मुरडायचं राहूनच गेलं.

शनिवारी समितीला घेऊन आप्पा आले. धोतर, फेटा, ताठ मान. बोलायच्या आधी त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि मुठीत धरली. सुलभाचा चेहरा उतरला.

“औटकी येती का एकाला तरी?” आप्पांनी विचारलं. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. मलाही येत नाही, म्हणून मी झाडाकडे बघू लागले.

मनीषा उठली. “तुमी म्हना आप्पा, आमी मशीनवर बघतो.” तिनं साडेतीन मांडले, अधिकचं बटण दाबलं आणि मग नुसतं बरोबरचं बटण दाबत गेली. प्रत्येक दाबाला साडेतीन वाढत होते. आप्पांनी सूर लावला, “बे औटं सात, तीन औटं साडेदहा, चार औटं चौदा...” पोरं यंत्रात बघून ओरडायची, “बरोबर!” म्हाताऱ्याचा आवाज चढत गेला. “सात औटं साडेचोवीस!”

“बरोबर!”

“बघू,” म्हणून आप्पांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे तर दोन हजार चारशे पाच दावतंय! खोटं हाय हे. आन् पोरं बरोबर म्हंत्यात!” किल्लीची मूठ घट्ट झाली. सुलभा यंत्र बघायला पुढे झाली, पण आप्पांनी ते सोडलं नाही. मला रडू येईल असं वाटलं.

मनीषा मात्र आप्पांकडे टक लावून बघत होती. “आप्पा, तुमच्या शाळंत शून्य कसं लिवायचे?”

“आमी निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलतो. शून्य न्हाई, सिफर.” त्यांनी काठीच्या टोकानं मातीत एक टिंब टोचलं.

“मंग तुमी बी फसलाव, माझ्यावानी!” ती टाळी वाजवत ओरडली. “हितं टिंब म्हंजे शून्य न्हाई. टिंबाच्या म्होरं पाच म्हंजे अर्धं!”

आप्पांनी यंत्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. मग असे हसले, की फेटा सैल झाला. “म्हंजे साडेचोवीसच! मशीन बी खरं, मी बी खरा!” पोरांनी उरलेली औटकी त्यांच्याबरोबर पस्तीसपर्यंत म्हटली.

जाताना सुलभानं किल्लीसाठी हात पुढे केला. आप्पांनी मान हलवली. “न्हाई. किल्ली माझ्यापाशीच ऱ्हाईल.” सुलभाचा हात तसाच राहिला. तेव्हा आप्पा गडबडीनं म्हणाले, “तसं न्हाई बाई. रोज कपाट उघडायला मी येईन. आता ह्यांची पावकी, निमकी ऱ्हायलीय की.”

आप्पांच्या घरात आता औटकी ऐकणारं कुणी उरलेलं नाही, असं सुलभानं मला नंतर सांगितलं. परतीच्या गाडीत मला त्या मुठीतल्या किल्लीचं हसूही येत होतं आणि गहिवरूनही येत होतं.

सोमवारी वर्गात मी टेबलाचा खण उघडला आणि जप्त केलेले कॅल्क्युलेटर बाहेर काढले. “आधी तोंड, मग बोट,” मी म्हटलं आणि स्वतःच औटकी सुरू केली. सात औटांपर्यंत गाडी बरी चालली, पुढे अडकले. मागच्या बाकावरच्या मुलानं यंत्रात बघितलं आणि माझी कीव येऊन हळूच सांगितलं, “अठ्ठावीस, बाई.”