मागचं दार

भगवानकाका शेजवळ आयुष्यात कधी दारू प्यायले नाहीत, पण इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातल्या पबचा इतिहास त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. ज्यांचे पणजे तिथे प्यायले, त्यांना फुटबॉलच्या स्कोअरपलीकडे काही आठवत नाही.

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात तीस वर्षं मोडक्या हातापायांना प्लास्टर घालून काका रिटायर झाले आणि इथे आले. लायब्ररी बंद, पोस्ट बंद, उरला पब. तिथे लाइम सोडा घेऊन ते म्हाताऱ्या लेनशेजारी बसत. लेन गावातला शेवटचा मच्छीमार.

"माझा बाप त्या मागच्या दाराने यायचा," लेनने एकदा सांगितलं. "पुढचं दार साहेबांचं. आमच्या कपड्यांना मासळीचा वास."

काकांना आणखी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी असे, तीही बाहेर. त्या दिवसापासून काका म्हाताऱ्यांना गाठून विचारू लागले, चर्चची रजिस्टरं चाळू लागले.

मग एका कंपनीने पब घेतला. भिंती राखाडी झाल्या, चिप्स टिनच्या बादलीत आले, आणि मागच्या दारावर पितळी पाटी लागली: 'स्मगलर्स डोअर'. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये वाढलेला मॅनेजर राज काकांशी मोडक्या मराठीत बोलायचा.

"काका, ओपनिंगला तुम्ही बोला ना. फक्त स्मगलरचा स्टोरी सांगा."

"इथे स्मगलर नव्हते रे."

"हू केअर्स, काका? लोक हॉलिडेला येतात."

शनिवारी दुपारी सेकंड होमवाली मंडळी वाइन घेऊन जमली. यांना समुद्र खिडकीच्या काचेपलीकडेच आवडतो. काका उठले.

"या दाराने चोर येत नव्हते," ते म्हणाले. "मासे पकडणारे येत होते, कारण पुढून यायची त्यांना बंदी होती. अडतीस सालच्या वादळात चौघे बुडाले. त्यांना मात्र पुढच्या दाराने आत आणलं. मेल्यावर."

त्यांनी चौघांची नावं वाचली. कुणीतरी खिदळलं, त्याला हा करमणुकीचाच भाग वाटला. राजने माइक काढून घेतला. "थँक यू, अंकल! व्हॉट अ कॅरेक्टर!" आणि म्युझिक लावलं.

बाहेर गावकऱ्यांनी काकांचा हात दाबून "ब्रेव्ह, व्हेरी ब्रेव्ह" म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळे आत बसून रविवारचं रोस्ट खात होते. पाटी काढा म्हणून काकांनी कंपनीला लिहिलं. उत्तरात दोन पुडिंगांचं व्हाउचर आलं. पाटी अजून तिथेच आहे. डोळ्यावर काळी पट्टी बांधून लोक तिच्याखाली फोटो काढतात. चेहरे असे, जणू यांनीच जहाजं लुटली.

काका आणि लेन पबात जात नाहीत. दर मंगळवारी लाइफबोटच्या शेडमध्ये फ्लास्कमधला चहा घेऊन बसतात. मी इथली डॉक्टर. कधी व्हिजिटवरून परतताना डोकावते. पबच्या इतिहासाची काकांची सत्तर पानं लिहून झालीत. ते मोठ्याने वाचतात आणि लेन मध्येच अडवतो, "बापाला दाढी नव्हती." काका खोडतात, पुन्हा लिहितात.